वीस पौंडांच्या आत

४ जानेवारी, सकाळ

ठरलं. हे घर विकायचं आणि तळ्याकाठचं घ्यायचं.

तळ्याकाठच्या ओडेगार्डबाई नाताळाच्या आधी वारल्या. वाईट झालं. त्यांचं घर रिकामं झालं. बरं झालं. दोन तुकडे जोडलेलं रुंद घर, डबलवाइड म्हणतात तसं. जाळीचा व्हरांडा, समोर पाणी, आणि मुख्य म्हणजे एक जास्तीची खोली. आमचं सिंगल. लांबच लांब आणि अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला बाथरूममध्ये शिरून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. शिरणारा नेहमी वेंडेल असतो. नवरा आहे, त्याला सवय आहे.

क्रिस्टाला ओहायोला फोन केला. म्हटलं, ईस्टरला जुळ्यांना घेऊन ये. तर म्हणते, "आई, तीन रात्रींसाठी दोन दिवस गाडी कोण हाकणार? आणि झोपायचं कुठे?" म्हणजे मुद्दा झोपायचा आहे. खोली झाली की येणार. तिला तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे हो.

वेंडेलला विचारलं. म्हणतो, इथे काय वाईट आहे? त्याला विचारण्यात अर्थ नसतो.

५ जानेवारी

ओडेगार्डबाईंच्या सुनेला टोकन दिलं. तिची अट अशी, की एकतीस मार्चच्या आत आमचं घर विकून बाकीचे पैसे द्यायचे. नाही जमलं तर टोकन परत आणि घर दुसऱ्याला. मी हसले. मार्च कशाला? सध्या उत्तरेकडची सगळी म्हातारी मंडळी बर्फाला वैतागून फ्लोरिडात उतरलीत. पार्कापार्कांत, म्हणजे आमच्यासारख्या तयार घरांच्या वसाहतींत, घरं शोधत फिरतात. आमचं फेब्रुवारीतच जाईल. लोक रांग लावतील, मी निवड करीन.

संकल्प: भाव एक डॉलरने उतरवायचा नाही. गोड बोलायचं. वेंडेलला बोलू द्यायचं नाही.

८ जानेवारी

पाटीची अडचण. अंगणात 'विकणे आहे'ची पाटी लावायला पार्कात बंदी. खिडकीत लावायची, तीही वहीच्या पानाएवढी. नियम चांगला आहे. माझाच आहे. मी नियम समितीची अध्यक्ष. शाळेत मी फार टिकले नाही, जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेला, पण शिस्त कशाशी खातात ते मला कळतं. मी येण्याआधी या पार्कात अंदाधुंदी होती. लाल लाल पाट्या, गाढवाएवढे कुत्रे, पोहायच्या तलावात कुणाकुणाची नातवंडं. मी तिन्हींचा बंदोबस्त केला. आता पाटी खिडकीत. कुत्रा वीस पौंडांच्या आत. आणि नातवंडं पाहुणी म्हणून वर्षाकाठी तीन रात्री. पंचावन्नच्या वरच्यांचा पार्क आहे, पाळणाघर नाही.

आमच्या पुढच्या खिडकीत एसी बसवलाय. म्हणून पाटी मागच्या खिडकीत लावली. ती शेजारच्या ओपलच्या भिंतीकडे उघडते.

ओपलने वाचली. म्हणाली, "विकायला काढलंस होय? मी नाही हं घेणार."

कुणी विचारलं तुला?

१७ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक. मिशिगनचा माणूस, धिप्पाड, बायको बारीक. मी सकाळीच दालचिनीचे रोल भाजायला घातले होते. घरात नुसता घमघमाट. बाथरूमजवळची जमीन जरा मऊ झालीय, तिथे गालिचा टाकला, गालिच्यावर कपड्यांची टोपली. वेंडेलला सांगितलं, बाहेर बस आणि तोंड उघडू नकोस.

त्या माणसाने टोपली उचलून बाजूला ठेवली. कशाला? दुसऱ्याच्या टोपलीला हात लावायचं कारण काय? मग तो तिथेच उभा राहिला आणि दोन बोटं खाली गेला. मी म्हटलं, ही जुन्या काळची बांधणी, पायाला आराम पडतो. तो बाहेर येऊन वेंडेलला विचारतो, पाणी मुरलंय का खाली? वेंडेल म्हणाला, "मुरलंय ना. सहा वर्षं झाली. छपरातूनही मुरतं."

रोल दोघांनी तीन तीन खाल्ले. फोन करतो म्हणाले.

वेंडेलला विचारलं, बोललास का? म्हणतो, त्याने विचारलं म्हणून.

२ फेब्रुवारी

मिशिगनचा फोन नाही. माणसं शब्दाची राहिली नाहीत.

दुसरं कुणीच नाही. पार्कचा मॅनेजर लेलँड दिसला, त्याला म्हटलं गिऱ्हाइकं तू दुसरीकडे वळवतोस. म्हणतो, "नोरीनबाई, तुमची पाटी कुणाला दिसतच नाही." मग पाटीपर्यंत चालत जावं की लोकांनी. व्यायाम होतो.

आज वजन केलं. एकशे बावन्न. काळजीतही वाढलं नाही. आमचा काटा एकदम बरोबर आहे. डॉक्टरचा चुकीचा आहे, तिथे नेहमी दहा पौंड जास्त दाखवतो. त्याला सांगूनही पाहिलं.

११ फेब्रुवारी

विकलं! म्हणजे विकल्यातच जमा.

हॉलिस आणि आयव्ही. केंटकीकडचे. दोघं साठीचे, बोलायला गोड. हॉलिस आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. मऊ जमिनीवर आपणहून जाऊन उभा राहिला, गुडघ्यावर बसून ठोकून पाहिलं आणि म्हणाला, एका सकाळचं काम आहे. भावात घासाघीस नाही. आयव्हीला माझे पडदे आवडले. वेंडेल छपराविषयी बोलायला लागला तर हॉलिस म्हणाला, "दादा, छपराला मी भीत नाही." आता काय बोलशील?

मला इतका आनंद झाला की दोघांना गोल्फ कार्टमध्ये घातलं आणि तळ्याकडे नेलं. आपण कुठे चाललोय ते दिसू दे त्यांना. सगळं दाखवलं. म्हटलं, बघा, छप्पर दोन वर्षांपूर्वीचं. जमीन अशी घट्ट, नाचा. संध्याकाळी वारा थेट पाण्यावरून येतो. सारस पक्षी व्हरांड्यापर्यंत येतात. आयव्ही जाळीजवळ जाऊन उभी राहिली ती हलेचना. किती वेळ पाण्याकडे बघत होती. हेवा वाटला असणार. बिचारी. प्रत्येकाच्या नशिबात तळं नसतं.

चौदा तारखेला समितीपुढे त्यांची मुलाखत. पार्कात घर घेणाऱ्या प्रत्येकाची होते, समिती हो म्हणाली तरच घर. समिती म्हणजे मीच. झालंच.

१३ फेब्रुवारी

लेलँडचं डोकं फिरलंय. म्हणतो, तुमच्याच घराचं गिऱ्हाईक तुम्ही कसं तपासणार? उपाध्यक्ष तपासेल. उपाध्यक्ष ओपल.

काही हरकत नाही. ओपल मला मानते.

१४ फेब्रुवारी, दुपार

कुत्रा आहे.

गाडीत झोपला होता म्हणे त्या दिवशी. मला दिसला नाही, कुणी बोललं नाही, आणि आज क्लब हाउसच्या दारातून तो आला. बॅसेट जातीचा. पाय वीतभर, अंग पिंपाएवढं, कान जमिनीवरून ओढत. नाव डीकन. तोंड असं, की कुणाच्या तरी अंत्यविधीला आलाय.

ओपलने चष्मा वर केला. म्हणाली, "हा वीस पौंडांचा वाटत नाही."

मी म्हटलं, कातडंच लोंबतंय सगळं, आत काही नाही. मोजू या. पळत घरी जाऊन माझा काटा आणला. डीकनला वर बसवला. तो मागचा निम्मा काट्याबाहेर ठेवून बसला, म्हणून मी मागून पायाने जरा आधार दिला.

ओपल म्हणाली, "नोरीन, पाय काढ."

काढला. अठ्ठेचाळीस.

तेवढ्यात लेलँडला काय सुचलं, तोही काट्यावर चढला. उतरून म्हणाला, मी कालच डॉक्टरकडे मोजलंय, हा काटा दहा पौंड कमी दाखवतो. म्हणजे कुत्रा अठ्ठावन्नचा. समितीतल्या सगळ्यांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टर सगळे एकाच दुकानातून काटे घेतात, त्याला मी काय करू?

ओपलने नामंजूर लिहिलं. मी म्हटलं, अगं, माझ्या घराचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "नियम तुझाच गं. शब्दसुद्धा तुझे. 'एक औंसही जास्त नको.' मी फक्त वाचते."

सूड घेते. तिच्या भावाचा लॅब्रॅडोर माझ्या हिरवळीवर बसला होता, तेव्हाचा राग.

१५ फेब्रुवारी

आयव्हीला फोन केला. सुचवलं की डीकनला रोज तळ्याभोवती पळवलं आणि खाणं निम्मं केलं, तर मार्चपर्यंत विसात येईल. मग म्हटलं, नाहीतर एखाद्या बहिणीकडे ठेवा त्याला. ती म्हणाली, "बाई, एक वेळ हॉलिसला ठेवीन बहिणीकडे."

लोकांना घरापेक्षा कुत्रा मोठा. मला हे कधी कळणार नाही.

२० फेब्रुवारी

दुसरं कुणी नाही. एक जण आला, तो रस्ता विचारायला. त्यालाही घर दाखवलं.

रात्री झोप येत नाही. वेंडेल घोरतो. मी छताकडे बघत मनातल्या मनात खोलीत पलंग लावते, तळ्याकडच्या खोलीत. दोन पलंग, खिडकीला एक एक. जुळी सहा वर्षांची झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा रांगत होती.

उपाय सापडलाय. कुत्रा बदलत नाही, तर नियम बदलायचा. नियम मी केला, मीच मोडणार. चौदा मार्चला सगळ्या घरवाल्यांची सभा आहे. मला लोक मानतात. सहज होईल.

२८ फेब्रुवारी

घरोघर फिरतेय. भरलेल्या अंड्यांची ताटली घेऊन. कोंबड्यांना सुट्टी नाही.

लोक फार खोचक. एक म्हातारा दारातच म्हणतो, "तूच ना गं ती, माझ्या पूडलला बखोटीला धरून वजन बघणारी?" म्हटलं, ती वेगळी परिस्थिती होती. म्हणे, "कुत्रा तोच आहे." दुसरीने अंडी घेतली आणि दार लावलं. तिसरीने ताटलीसुद्धा ठेवून घेतली.

मतं जमेनात. सगळे म्हणतात, ओपल काय म्हणते ते बघू. ओपल! पार्क मी सुधारला आणि लोक ओपलला विचारतात.

६ मार्च

गेले ओपलकडे. तोंड गोड करून. तिने कॉफी दिली. म्हणाली, कुत्र्याच्या नियमाला मी मदत करते, पण त्याबरोबर नातवंडांचा नियमही जायला हवा. दोन्ही एकदम.

मी म्हटलं, तो कशाला? किती शांतता आहे आता तलावावर.

ती म्हणाली, "आहे ना. पाणीसुद्धा हलत नाही." मग म्हणाली, तिची नातवंडं टेक्ससहून यायची, उन्हाळाभर राहायची. तीन रात्रींचा नियम झाल्यापासून एकदाही आली नाहीत. येवढ्या लांबून तीन रात्रींसाठी कोण आणतं पोरांना.

मी म्हटलं, तुझं घर लहान पडत असेल गं. ती कप उचलून आत गेली. भांडी जोरात घासल्याचा आवाज येत होता.

शेवटी हो म्हटलं. घर विकायचंय मला. मग कितीका पोरं येईनात, मी तळ्याकाठी असणार, तलाव इकडे.

१४ मार्च

सभा. क्लब हाउस भरलेलं. मी उभी राहून दोन्ही नियमांविरुद्ध बोलले. म्हटलं, हे नियम कुणी केले कोण जाणे, पण माणुसकीला धरून नाहीत. हशा पिकला. का, ते कळलं नाही. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "काटा आणलास का?"

ओपल फक्त म्हणाली, माझं अनुमोदन. सगळे हात वर.

टाळ्या झाल्या. मी वाकून स्वीकारल्या. वेंडेल म्हणतो, त्या तुझ्यासाठी नव्हत्या. मग कुणासाठी? समोर उभं दुसरं होतं कोण?

हॉलिसला लगेच कळवलं. वीस तारखेला दोघं येतायत. खोके भरायला घेतले. वेंडेलच्या चपला भरून झाल्या, तो अनवाणी फिरतोय.

२० मार्च

आले. डीकनसकट. तो सरळ मऊ जमिनीवर जाऊन आडवा झाला. मी म्हटलं, बघा, त्यालाही आवडली.

हॉलिस खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी हातात. ती गोल गोल फिरवत होता. माणूस टोपी फिरवायला लागला की चांगली बातमी नसते.

म्हणाला, "बाई, खोटं बोलत नाही. त्या दिवशी तुम्ही ते तळ्याकाठचं दाखवलंत, त्यानंतर आयव्हीच्या डोक्यातून ते जात नाही." आयव्ही म्हणाली, "तुम्ही इतकं सुंदर सांगितलंत ना. तो वारा, ते सारस." हॉलिस म्हणाला, तुमचं टोकन आहे, आम्ही मध्ये येणार नाही. तुमची मुदत तुमचीच. पण एकतीसला तुमचं नाही जमलं, तर सुनेला आमचं नाव सांगून ठेवलंय.

मी म्हटलं, पण हे घर? हे कोण घेणार?

डीकन घोरत होता. वेंडेलने त्यांना कॉफी विचारली. याला कधी काय सुचेल!

ठीक आहे. अजून वेळ आहे. मला अशा वेळीच जोर येतो.

२४ मार्च

भाव उतरवला. उतरवणार नव्हते, पण ही चाल आहे. रेडिओवर जाहिरात दिली. अंगणात पाटी ठोकली, लाल, दारापेक्षा मोठी. संध्याकाळी लेलँड आला. म्हणाला, "नोरीनबाई, पाटी काढा." म्हटलं, चार दिवस राहू दे. म्हणाला, "तो एकच नियम उरलाय तुमचा. निदान तो तरी पाळा."

काढली. आता छपरावर पालथी घातलीय, गळतं तिथे.

३१ मार्च

सकाळपासून खिडकीत. रोल भाजले. गार झाले. पुन्हा गरम केले.

एक गाडी वळली. आमच्या दारासमोर थांबली. मी पळाले. टपालवाली होती. घर हवंय का विचारलं. म्हणाली, तिला आहे.

पाचनंतर लेलँडची गोल्फ कार्ट गेली तळ्याकडे. मागच्या सीटवर हॉलिस, आयव्ही, मधे डीकन. कान वाऱ्यावर. वेंडेलने हात केला. मी पडदा ओढला.

१ एप्रिल

टोकन परत आलं. सून म्हणाली, वाईट वाटतं. मला नाही वाटत. तळ्यावर डास फार.

क्रिस्टाला फोन केला. सांगितलं, घर गेलं, खोली गेली, आता तुला यायला नको, तुझंच खरं. आवाज जरा घोगरा होता, रोलमधली दालचिनी घशात बसलीय. मग या पार्कातली माणसं कशी कृतघ्न ते सांगत होते, माझ्या हातून दोन नियम कसे काढून घेतले. तर ती मधेच म्हणाली, "थांब. तीन रात्रींचा नियम गेला?" म्हटलं, गेला. म्हणाली, "म्हणजे हवं तितकं राहता येईल?" म्हटलं, राहता येईल, पण झोपणार कुठे? ती म्हणाली, "आई, सहा वर्षांची पोरं आहेत. जमिनीवर झोपतील. ईस्टरला दहा दिवस येतो."

मग आधी खोली खोली का केली हिने? सरळ बोलायला काय होतं? मुलीचं काही कळत नाही. बापावर गेलीय.

१२ एप्रिल

आजपासून संकल्प: आवाज चढवायचा नाही. पोरांना तलावावर मीच नेणार. ओपलची नातवंडंही जूनमध्ये येतायत म्हणे. तिने पाय दिला. म्हणजे सफरचंदाचा पाय, खायचा. बरा होता. साखर कमी.

हॉलिस येऊन बाथरूमजवळची जमीन ठोकून गेला. एक सकाळ लागली. पैसे घेतले नाहीत. वेंडेल आणि तो आता रोज मासे धरतात.

२० एप्रिल, ईस्टर

हॅम भाजलं, सगळ्यांना पुरेल असं. अननसाच्या चकत्या लावून. टेबल मांडलं. सगळे कोंबून बसलो तर मावतो, मी मोजून पाहिलंय.

पोरं सकाळी उठली ती सरळ तळ्यावर. कशासाठी? डीकनसाठी. आल्यापासून चार दिवस हेच. डीकन असा, डीकन तसा. त्याच्या पाठीवर डोकं ठेवून दुपारी झोपतात म्हणे, त्या जास्तीच्या खोलीत. वेंडेल तिकडेच. क्रिस्टा त्यांना आणायला म्हणून गेली, तीही तिकडेच. ओपललासुद्धा बोलावलंय, तिची कार्ट मी जाताना पाहिली.

इथे कुणी नाही. किती शांत आहे. मला हवी होती तशी. एसीचा तेवढा आवाज. नव्या जमिनीवर दोनदा चालून आले, कुठे दबत नाही.

क्रिस्टाचा फोन आला. मागे पोरांचा आरडाओरडा, कुत्रा भुंकतोय, पाण्यात कुणीतरी पडल्याचा आवाज. म्हणाली, "आई, तू पण ये ना. आयव्ही केव्हाची विचारतेय. खुर्ची ठेवलीय तुझी." मी म्हटलं, मला कामं आहेत.

तर काही कामं नाहीत.

हॅम ताटात बांधलं. कार्ट वेंडेलने नेलीय, चालत जावं लागेल. वजनकाटाही घेतलाय बरोबर. नियम नसला म्हणून काय झालं, कुत्र्याचं वजन कुणाला तरी माहीत असायला हवं. कशी आलीस म्हणून कुणी विचारलंच, तर त्यासाठी आले म्हणेन.